रिपीट करायचं, पण वेगळं काय करायचं?

जूनच्या मध्यावर वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागतो, तेव्हा आमच्या किनाऱ्यावर पैशाची सगळ्यांत जास्त ओढाताण असते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी. होड्या वर ओढून शाकारलेल्या. मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या लाँची बंद, पर्यटक ओसरलेले, वाडीतलं पीक अजून झाडावर. नेमक्या याच दिवसांत घरोघर एक प्रश्न येऊन बसतो: पोराने रिपीट करावं की नाही? आणि याच दिवसांत शहरातल्या क्लासवाल्यांचे फोन सुरू होतात, आठ दिवसांत फी भरलीत तर सूट आहे म्हणून.

या किनारपट्टीवरच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं. अजूनही जून आला की मुरूड, रेवदंडा, श्रीवर्धनकडचे पालक फोन करतात, भर पावसात घरी येतात. बहुतेकांचं विचारणं सारखंच असतं, "सर, आमच्या मुलीत तेवढी कुवत आहे का?" एका रविवारी दुपारी दिलेल्या पेपरावरून कुणाच्या कुवतीचा निवाडा करू नये, असं मला मनापासून वाटतं. आईवडिलांनी आणि मुलीने एकत्र बसून विचारायला हवं ते असं: पुढचं वर्ष मागच्या वर्षापेक्षा वेगळं कशामुळे होणार आहे, आणि ते वेगळेपण आपलं घर देऊ शकतं का? याचं ठोस उत्तर सापडलं तर रिपीट जरूर करावं. "या वेळी जास्त मेहनत करीन" एवढंच उत्तर असेल, तर थांबून पुन्हा विचार करावा. तेच पुस्तक, तीच खोली, तीच सवय घेऊन वर्ष काढलं तर गुणही बहुधा तिथेच घुटमळतात.

आधी आकडे समजून घेऊ, कारण अर्धी घालमेल आकडे न कळल्यामुळे होते. २०२५ मध्ये देशभरातून २२ लाखांहून जास्त मुलं नीटला बसली आणि १२ लाख ३६ हजारांच्या आसपास पात्र ठरली. खुल्या गटातल्या मुलाला पात्र व्हायला ७२० पैकी १४४ गुण पुरले. पण एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आतबाहेर आणि त्यातल्या जवळपास निम्म्याच सरकारी. म्हणजे पात्र ठरलेल्या दहा मुलांमागे जेमतेम एक जागा. "पोर नीट पास झालं" म्हणून पेढे वाटणाऱ्या घरात ऑगस्टमध्ये जी निराशा येते, तिचं मूळ इथे आहे.

दुसरी गोष्ट, एका वर्षाचे गुण दुसऱ्या वर्षाशी ताडून पाहू नयेत. २०२४ च्या अंतिम निकालात १७ जणांना पैकीच्या पैकी ७२० गुण होते. २०२५ ला भौतिकशास्त्राचा भाग इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलाचे गुण होते ६८६. शेजारच्या मुलाला मागे किती गुणांवर सीट मिळाली, हे आपल्या मुलीला ऐकवून काही साधत नाही. पाहायचा तो रँक, आणि आपल्या प्रवर्गात राज्याच्या यादीत मागच्या वर्षी शेवटची जागा कोणत्या रँकवर गेली, ते. सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा देशपातळीवर जातात, ८५ टक्के राज्याच्या सीईटी सेलकडून भरल्या जातात. अलिबागला २०२१-२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, १०० जागांचं. आपल्या दारात कॉलेज आलं याचा आनंद मलाही आहे. पण ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना राखणारा ७०:३० चा कोटा २०२० मध्येच रद्द झाला. त्यामुळे अलिबागच्या त्या जागांसाठी मुरूडच्या मुलीला लातूर, नांदेड, नागपूरच्या मुलांबरोबर एकाच यादीत उभं राहावं लागतं. कॉलेज जवळ असल्याने रँक सुधारत नाही, हे घरी स्पष्ट बोललं पाहिजे.

मग त्या ठोस उत्तराचा शोध कुठे घ्यायचा? मुलीच्या उत्तरपत्रिकेत. ओएमआर शीटची प्रत आणि उत्तरसूची दोन्ही मिळतात. फार थोडी घरं ती उघडून बसतात. गेलेले गुण तीन ढिगांत वेगळे करा. पहिला ढीग, जे येतच नव्हतं. दुसरा, जे येत होतं पण वाचण्यात, आकडेमोडीत किंवा गोल भरण्यात चुकलं. तिसरा, जे येत नसताना ठोकून दिलं, किंवा वेळ संपला म्हणून राहिलं. आता १८० प्रश्न आणि १८० मिनिटं असा पेपर असतो. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. अंदाजाने ठोकलेली ३० उत्तरं चुकली तर हातातले ३० गुण गेले, आणि या परीक्षेत एकेका गुणावर शेकडो मुलं उभी असतात. दुसरा आणि तिसरा ढीग मोठा असेल, तर सराव पेपर वेळ लावून सोडवण्याने तो खाली येतो आणि रिपीटचं वर्ष कारणी लागतं. पहिला ढीग मोठा असेल, तर पाया नव्याने घालायचा आहे. त्याला चांगला शिक्षक लागतो. तो कोण, कुठे आणि कधीपासून, हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नये.

किनाऱ्यावरच्या मुलांबद्दल एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून दहावीला उत्तम गुण मिळवून आलेलं मूल अकरावी सायन्सला येतं आणि एकदम इंग्रजी पुस्तकासमोर बसतं. पहिले सहा-आठ महिने त्याचे भाषेशी झगडण्यात जातात. २०१७ पासून नीटचा पेपर मराठीतूनही देता येतो, पण नोट्स, टेस्ट सिरीज, व्हिडिओ सगळं इंग्रजी किंवा हिंदी. शिवाय भाषांतराबाबत शंका आली तर इंग्रजी मजकूरच अंतिम धरतात. अशा मुलाच्या पहिल्या प्रयत्नात त्याची खरी ताकद दिसलेलीच नसते. भाषेचा अडसर दूर झालेलं तिसरं वर्ष हे त्याचं पहिलं मोकळं वर्ष असतं. अशी मुलं रिपीटला खूप वर गेलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या घरच्यांना मी नेहमी म्हणतो, एक संधी द्या.

निसर्ग चक्रीवादळाचं वर्ष आठवा. ३ जून २०२० ला ते अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन-मुरूडच्या नारळी-सुपारीच्या वाड्या झोपल्या, घरांची कौलं, पत्रे उडाले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती. करोनामुळे क्लास ऑनलाइन गेलेले, आणि इथे फोन चार्ज करायची सोय नाही. नीट १३ सप्टेंबरला झाली. त्या साली ज्यांनी रिपीटचं ठरवलं, त्यांना वेगळं काय होणार याचं उत्तर शोधावं लागलं नाही. डोक्यावर छप्पर, घरात वीज, हातात पुस्तक, एवढ्यानेच वर्ष बदलणार होतं. बाकीच्या वर्षांतले अडथळे इतके ढळढळीत नसतात, म्हणून ते शोधून काढावे लागतात. घरात सतत आजारपण होतं का? मुलगी पहाटे आईबरोबर मासळीच्या टोपल्या उचलून मग पुस्तक उघडत होती का? क्लासला जाण्या-येण्यात रोजचे तीन-चार तास एसटीत जात होते का? हे पुढच्या वर्षीही तसंच राहणार असेल तर दोष मुलीच्या माथी मारू नका.

मुलींचं आणखी एक. मुलगा अडला की "घे अजून एक वर्ष" असं घर चटकन म्हणतं. मुलीच्या वेळी तेच घर वयाचा आणि लग्नाचा हिशेब मांडतं. सारखे गुण असलेल्या भावाबहिणींना वेगवेगळी उत्तरं मिळालेली मी पाहिली आहेत. त्याचं मला फार वाईट वाटतं. ज्या कसोटीवर मुलाचं ठरवाल, त्याच कसोटीवर मुलीचं ठरवा.

रिपीट ठरलंच, तर थांबायचं कधी हेही त्याच बैठकीत ठरवा. नीटला किती वेळा बसावं यावर बंधन नाही आणि २०२२ पासून वयाची वरची अटही उरलेली नाही. परीक्षा तुम्हाला कधीच "आता पुरे" म्हणणार नाही, ते घरानेच म्हणायचं आहे. माझं मत विचाराल तर एक रिपीट पूर्ण ताकदीने करावं. दुसऱ्याचा विचार गुण ठळक वाढले असतील तरच करावा, आणि तोवर दुसरी वाट उघडी ठेवावी. बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपीचे प्रवेश नीटवरच होतात. नर्सिंगची वेगळी सीईटी आहे. फार्मसी, शेती, रत्नागिरीजवळच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय यांच्यासाठी एमएचटी-सीईटी देऊन ठेवावी. यांतली कुठलीही जागा घेऊन रिपीट करणार असाल, तर कोणत्या फेरीनंतर सीट सोडली की दंड पडतो, हे माहितीपुस्तिकेत आधी वाचा. क्लासची फी एकदम भरू नका, हप्ते मागा. मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी परत करावी, असं केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे.

मुलीच्या मनाकडेही लक्ष असू द्या. मैत्रिणी कॉलेजला गेलेल्या, ही घरात एकटी. जेवण तुटलं, झोप उडाली, बोलणं थांबलं, तर अभ्यासाचं वेळापत्रक बाजूला ठेवून आधी तिच्याजवळ बसा. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.

आणि शेवटचं मागणं गावाकडे. बारावी झालेलं, रिपीट करणारं मूल वर्षभर कुठल्याच हजेरीपटावर नसतं. बोनाफाईड नाही म्हणून एसटीचा विद्यार्थी पास नाही. मुलींना बारावीपर्यंत असलेला मोफत प्रवासही संपलेला. कॉलेजचं वाचनालय बंद, प्रयोगशाळा बंद. ज्याच्या घरी वेगळी खोली नाही, त्याने पावसाळ्यात बसायचं कुठे? किनाऱ्यावरच्या कनिष्ठ महाविद्यालयांनी अशा मुलांची नाममात्र नोंदणी करून वाचनालय संध्याकाळी उघडं ठेवावं. शंका विचारायला आठवड्यातून एकदा भौतिकशास्त्राचे शिक्षक भेटावेत. ग्रामपंचायतींनी एक खोली, दिवे आणि इन्व्हर्टर द्यावा. यासाठी फार मोठा निधी लागत नाही, कुणीतरी किल्ली घेऊन बसायला हवं. निवृत्त झालेले आम्ही शिक्षक ते काम करू. मला बोलवा, मी येईन. ज्या मुलाचं घर वेगळं वर्ष देऊ शकत नाही, त्याला ते गावाने द्यावं.