दान वेगळे, छाट वेगळी

भंडारा शहरातील माझा एक जुना विद्यार्थी संकेतस्थळे बांधण्याचे काम करतो. काही वर्षे पुण्यात नोकरी करून तो परत आला आणि घराच्या पुढच्या खोलीत संगणक मांडून बसला. नागपूरचा एक मध्यस्थ त्याला शाळांची, दुकानांची, दवाखान्यांची कामे आणून देतो. प्रत्येक मांडणीमागे दर ठरलेला. मध्यंतरी त्याने तीन मांडण्या करून पाठविल्या. दोन ‘पसंत नाहीत’ म्हणून त्यांचे पैसे कापले गेले. पुढे त्यांतलीच एक, केवळ रंग बदलून, दुसऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर त्याच्या दृष्टीस पडली. हे सांगताना तो हसला. मला हसू आले नाही. कारण ही गोष्ट आमच्या जिल्ह्याने पूर्वी ऐकलेली आहे.

भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात असंख्य घरे विडीवर जगली. तेंदूपत्ता आणि तंबाखू सट्टेदाराने द्यावा, विड्या घरी वळाव्यात, आणि मोजणीच्या वेळी त्यांतल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जाव्यात, अशी ती रीत. छाटीची मजुरी नाही, आणि विड्याही हातच्या गेल्या! १९५८ साली मध्य प्रदेशातील विडी धंद्याविषयीच्या चिंतामणराव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सट्टेदार हे कारखान्याचे कामगार नसून स्वतंत्र कंत्राटदार होत, असा निर्णय दिला. मग त्यांच्यामागे घरोघरी बसलेल्या स्त्रियांना कोण विचारणार? संघटनांच्या लढ्यानंतर १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा आला. कच्चा माल घरी नेऊन विडी वळणारी व्यक्तीही कामगारच, हे त्याने व्याख्येतच लिहून टाकले. नापसंत मालाच्या वादाची दाद लावून दिली, आणि छाटीला नियमांनी मर्यादा घातली. मालक न्यायालयात गेले. १९७४ साली कायदा वैध ठरला.

कोणी म्हणेल, शिकलेल्या तरुणाची विडी वळणाऱ्या बाईशी तुलना कशी करता? तिच्या छातीत जाणारी तंबाखूची धूळ त्याच्या वाट्याला नाही, हे मान्य. दारिद्र्य सारखे नाही. व्यवहाराचा सांगाडा मात्र तोच आहे.

याच तरुणाची दुसरी बाजूही पाहावी. वर्डप्रेस ही संकेतस्थळे उभारण्याची प्रणाली २००३ साली निघाली. मूळ कर्त्याने सोडून दिलेल्या ‘बीटू’ नावाच्या प्रणालीतून ती इतरांनी वाढविली. परवाना मुक्त असल्यामुळेच ते शक्य झाले. आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे तिच्यावर चालतात. तिच्यात चर्चामंचाची सोय करणारे एक प्लगिन आमच्या विद्यार्थ्याने रचले आणि सर्वांना मोफत दिले. २०१५ च्या अखेरीस पीएचपी या संगणकभाषेची सातवी आवृत्ती आली. जुनी काही फलने तीतून काढून टाकलेली होती, म्हणून त्याला रात्री जागून अर्धे काम पुन्हा लिहावे लागले. वापरणाऱ्यांकडून तक्रारी आल्या, मदत आली नाही. आमच्या माजी मालगुजारी तलावांचेही असेच: पाणी सर्वांचे, गाळ कोणाचाच नाही. २०१४ साली ओपनएसएसएल या मुक्त प्रणालीत ‘हार्टब्लीड’ नावाची भेग सापडली, तेव्हा जगाला कळले की असंख्य संस्थांची गुपिते जिच्यावर विसंबून होती, ती प्रणाली मूठभर माणसे सांभाळीत होती.

तरीही प्लगिनबद्दल त्याची तक्रार नाही. ते त्याने आपखुशीने दिले आहे. मांडणी मात्र त्याच्याकडून काढून घेतली गेली. अर्थशास्त्राच्या वहीत दोन्हींची किंमत शून्यच दिसेल. परंतु एक दान आहे आणि दुसरी छाट. हा भेद आपण विसरलो, तर ‘इंटरनेटवर सारेच फुकट असते’ या सबबीखाली दलालांचे फावेल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९६६ चा कायदाही त्यांत विरून गेला. सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग कामगार’ हा शब्द आहे, हे स्वागतार्ह; पण त्याची व्याख्याच पारंपरिक मालक-नोकर संबंधाच्या बाहेर काम करणारा अशी आहे. म्हणजे फिरून आपण १९५८ च्या उंबरठ्यावर!

मध्यस्थ म्हणतो, हा स्वतंत्र व्यावसायिक आहे. ठीक आहे, त्याचाच शब्द घेऊ. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृती गणला जातो. नोकरीत नसलेल्या कर्त्याचा त्यावर पहिला हक्क असतो, आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो. तेव्हा तो स्वतंत्र असेल, तर नापसंत मांडणी त्याची. आणि नोकर असेल, तर तिची मजुरी त्याची. दोन्ही नाकारण्याची सोय कोणत्याच न्यायात बसत नाही.

तुमसर, पवनी, साकोलीतही असे तरुण एकेकट्या खोलीत बसलेले असतील. त्यांच्या दाराशी कारखान्याचा भोंगा वाजत नाही, म्हणून आपले कार्यकर्ते तिकडे फिरकत नाहीत. विडी कामगारांच्या दारापुढेही भोंगा नव्हता. तेथे आपली माणसे घरोघर गेली, तेव्हाच संघटना उभी राहिली. या तरुणांना एकत्र बसवून कामाआधी लेखी दर, आणि नाकारलेले काम कर्त्याकडे परत, एवढे दोन ठराव जरी त्यांच्याकडून करून घेता आले, तरी आरंभ झाला असे म्हणता येईल.