पायी चालण्याच्या अंतरावरचे घर

दादर पूर्वेच्या हिंदू कॉलनीतून सकाळी माटुंग्याच्या बाजाराकडे पायी निघालेल्या माणसाला अर्ध्या तासाच्या आत शाळा लागते, महाविद्यालय लागते, दवाखाना, वाण्याचे दुकान, इडली-कॉफीचे उपाहारगृह, देऊळ आणि बाग लागते. रस्त्यांवर जुन्या झाडांची सावली असते आणि कोपऱ्याकोपऱ्यावर ओळखीचा माणूस भेटण्याचा संभव असतो. दादर आणि माटुंगा ही दोन्ही स्थानके पायांच्या टप्प्यात असल्यामुळे शहराच्या कोणत्याही टोकाला जाणे अवघड होत नाही. मुंबईसारख्या महानगरात राहूनही जुन्या उपनगराची निवांत घडी जपणारी ही वस्ती आहे. याच परिसरात रुईया, पोदार, खालसा ही महाविद्यालये आहेत, वीरमाता जिजाबाई तंत्रशिक्षण संस्था आहे, अनेक शाळा आणि बँकांच्या शाखा आहेत. तेथे शिकवणारे, शिकणारे आणि तेथील टेबलांवर काम करणारे लोक हजारोंनी आहेत. त्यांपैकी किती जण संध्याकाळी काम संपल्यावर पायी घरी जाऊ शकतात? बहुसंख्यांची वाट डोंबिवली, बदलापूर किंवा विरारच्या गाडीकडे वळते. चालण्याजोगी वस्ती आणि ती चालती ठेवणारी माणसे यांची अशी फारकत का झाली, हा प्रश्न भावनेपेक्षा अर्थकारणाचा अधिक आहे.

ही वस्ती आपोआप उगवलेली नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ पसरली तेव्हा दाटीवाटीच्या, हवा-उजेड नसलेल्या चाळींचा प्रश्न सरकारला टाळता येईना. १८९८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने बेटाच्या उत्तर भागात, दादर, माटुंगा आणि शीव येथे, जमिनी संपादन केल्या. आधी रस्ते आणि गटारे आखली, बागांसाठी जागा राखल्या आणि मग भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिले. इमारत किती उंच असावी, भूखंडाचा किती भाग मोकळा सोडावा, यांचे नियम घातले. मंचेरजी जोशी यांच्या प्रयत्नाने उभी राहिलेली पारशी कॉलनी आणि तिच्याजवळची पाच उद्याने याच आखणीतून आली. रेल्वेच्या पश्चिमेस १९२५ मध्ये मोठे मैदान लोकांसाठी खुले झाले आणि १९२७ मध्ये त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला; तथापि त्याने आखलेले रस्ते आजही लोकांच्या पायाखाली आहेत.

या इतिहासातील एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. ही वस्ती मुख्यतः भाडेकरूंसाठी उभी राहिली. इमारतीचा मालक एक आणि बिऱ्हाडे दहा-बारा, अशी तिची रचना होती. फोर्टातील कचेऱ्यांत काम करणारे दक्षिण भारतीय कारकून, मराठी शिक्षक, वकील, डॉक्टर ही मंडळी दरमहा भाडे भरून तेथे राहत. घरातच नहाणी आणि संडास असलेला स्वतंत्र फ्लॅट ही त्या काळातील मध्यमवर्गाला मिळालेली नवीन सोय होती आणि ती भाड्याने मिळत होती. मालकीचा फ्लॅट ही कल्पना सर्वत्र रूढ झाली ती नंतर. सहकारी संस्थांचा कायदा १९६० चा आणि मालकी फ्लॅटविषयीचा कायदा १९६३ चा. तोपर्यंत भाड्याने राहण्यात कमीपणा वाटत नसे. आयुष्यभर एकाच भाड्याच्या घरात राहून मुलांची शिक्षणे आणि लग्ने उरकणारी कुटुंबे हीच या रस्त्यांची खरी रहिवासी होती.

रिकार्डोने शेतजमिनीच्या खंडाविषयी जे सांगितले ते शहरातील जागेलाही लागू पडते. सुपीक जमिनीचा खंड जास्त, कारण तिच्या सुपीकतेचा लाभ मालक वसूल करतो. शहरात सुपीकतेची जागा सोयी घेतात. स्थानक, शाळा, बाग आणि मैदान जवळ असले की भाडे चढते. या सोयी निर्माण केल्या कोणी? रस्ते आणि मैदाने सार्वजनिक पैशातून झाली, रेल्वे सार्वजनिक आहे, महाविद्यालये लोकांच्या देणग्यांवर आणि शासनाच्या अनुदानावर चालली, आणि वस्तीची प्रतिष्ठा तेथे राहणाऱ्या पिढ्यांनी वाढवली. समाजाने निर्माण केलेले हे मोल शेवटी जागेच्या किमतीत साठते आणि जो ती किंमत देऊ शकतो त्याच्याच पदरात पडते. दुसरीकडे, ज्याला घरापासून कामापर्यंत पायी जाण्याची सर्वांत जास्त गरज आहे, त्याचे उत्पन्न त्या किमतीच्या जवळपासही पोहोचत नाही.

भाडे नियंत्रणाचा कायदा हा प्रश्न सोडवण्यासाठीच झाला होता, असे म्हणता येईल. युद्धकाळातील टंचाईनंतर आलेल्या १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाड्यासाठी १ सप्टेंबर १९४० ही तारीख धरली. हेतू चांगला होता आणि त्याने हजारो कुटुंबांना रस्त्यावर येण्यापासून वाचवले, हे नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु तात्पुरता म्हणून आणलेला हा कायदा मुदतवाढ घेत अर्धशतक टिकला. दुरुस्तीचा खर्च वाढत गेला आणि भाडे मात्र तेथेच राहिले. मालकाने इमारतीकडे पाठ फिरवली, गच्च्या गळू लागल्या, आणि १९६९ मध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ व उपकर यांची व्यवस्था करावी लागली. भाडे गोठले तरी टंचाई गोठली नाही. ती पागडीच्या रूपाने दाराबाहेर उभी राहिली. जुना भाडेकरू सुरक्षित झाला, पण त्याच वस्तीत नव्याने येऊ पाहणाऱ्या शिक्षकासाठी दार बंद झाले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळानुरूप वाजवी राहिल्या नसल्याचा निर्वाळा दिला, आणि १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. त्याने जुन्या भाड्यांत दरसाल चार टक्के वाढीला मुभा दिली आणि पागडीलाही कायदेशीर मान्यता दिली.

नव्या पिढीच्या वाट्याला मात्र भाडेकरूपण आलेच नाही. तिच्या वाट्याला आला तो परवाना, म्हणजे ‘लीव्ह अँड लायसन्स’. १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस घरात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचे संरक्षण दिले, तेव्हापासून घर देणाऱ्याच्या मनात जी भीती बसली ती अद्याप गेलेली नाही. वास्तविक १९९९ च्या कायद्यात मुदत संपताच घर परत मिळवण्याची सोपी प्रक्रिया आहे. मुदतीनंतर जागा अडवणाऱ्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. कितीही मुदतीचा करार असला तरी त्याची नोंदणी सक्तीची आहे. असे असूनही अकरा महिन्यांचा करार हीच रूढी होऊन बसली आहे. कायद्याने मालकाला पुरेसे संरक्षण दिले आणि रूढीने राहणाऱ्याचे स्थैर्य काढून घेतले, असा हा प्रकार आहे.

या अकरा महिन्यांचा चालण्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. वस्ती चालण्याजोगी होते ती फरशीच्या पदपथामुळे तशीच परिचयामुळेही. मूल एकटे शाळेत जाऊ शकते, कारण वाटेवरचा दुकानदार त्याला ओळखतो. म्हातारी आई संध्याकाळी बागेत जाते, कारण तेथे तिची मैत्रीण भेटते. वाणी महिनाअखेरीस उधार देतो, कारण हे बिऱ्हाड पुढील महिन्यातही येथेच असेल याची त्याला खात्री असते. या परिचयाला काही वर्षे लागतात. दरवर्षी नवी अनामत, नवी दलाली, सामानाचा टेम्पो आणि मुलाच्या शाळेची नवी चिंता, अशा स्थितीत माणूस वस्तीत मुक्कामाला असतो, रहिवासी होत नाही. शिवाय घर शोधताना आडनाव, धर्म, आहार आणि अविवाहितपण यांची जी चौकशी होते ती निराळीच. ट्रस्टच्या योजनेतही वसाहती जातवार आणि पंथवार वसल्या होत्या हे खरे. परंतु शंभर वर्षांनंतर तो वारसा तरी टाकून द्यायला हवा होता.

दरम्यान जुन्या इमारती पाडून मनोरे उभारण्याचे काम वेगाने चालू आहे. पुनर्विकासात जुना भाडेकरू मालक होतो, ही त्याच्यापुरती न्याय्य गोष्ट आहे. वस्तीच्या दृष्टीने मात्र भाड्याचे एकेक घर कायमचे नाहीसे होते, आणि वरच्या मजल्यांवरील नवे फ्लॅट पगारदाराच्या आवाक्यात नसतात. अनेक नव्या इमारतींत खालचे मजले मोटारींसाठी राखलेले असतात. पूर्वी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून रस्त्यावरच्या मुलाला हाक मारता येत असे. आता तेथे मोटारी उभ्या असतात. पादचाऱ्यांसाठी झालेल्या रस्त्यांवर वाहनांच्या रांगा लागतात. ज्या गुणामुळे या जागेला भाव आला, तो गुणच त्या भावाच्या मागे लागून झिजत चालला आहे.

हे मुंबईच्या एका कोपऱ्याचे गाऱ्हाणे नव्हे. देशातील शहरी कुटुंबांपैकी १९६१ मध्ये सुमारे ५४ टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत. २०११ मध्ये हे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवर आले. त्याच २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली, आणि त्यांपैकी सुमारे ४ लाख ८० हजार मुंबईत होती. म्हणजे एका बाजूला कुलूप लावलेली घरे आणि दुसऱ्या बाजूला दोन-दोन तास गाडीत उभी राहणारी माणसे. घर रिकामे ठेवणे फायद्याचे आणि भाड्याने देणे धोक्याचे वाटावे, अशी ज्या व्यवस्थेत स्थिती असते, ती व्यवस्था बाजारपेठेच्याही कसोटीला उतरत नाही आणि न्यायाच्याही नाही.

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो. ज्याला परवडत नाही त्याने दूर राहावे; दादरला राहणे हा काही मूलभूत हक्क नव्हे. दादरला राहण्याचा हक्क कोणालाही नाही, हे मान्य. पण दूर राहण्याचा खर्च कोण सोसतो, हेही पाहिले पाहिजे. स्वस्त भाड्यातून वाचलेल्या पैशाची भरपाई माणूस वेळाने करतो, झोपेने करतो, कधी गर्दीत जीव धोक्यात घालून करतो. त्याचे हे देणे कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. सरकारला त्याच्यासाठी नवे मार्ग, नवे पूल आणि नव्या गाड्या यांवर खर्च करावा लागतो तो वेगळाच.

तेव्हा उपाय दोन दिशांनी हवेत. पहिली दिशा भाड्याच्या कराराची. तीन ते पाच वर्षांचा नोंदणीकृत करार, त्यात आधीच ठरलेली वार्षिक वाढ, मुदतीअंती जागा परत मिळण्याची वेळेत पूर्ण होणारी हमी आणि अनामतीवर मर्यादा, अशी चौकट दोन्ही पक्षांच्या हिताची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच अनामत घेण्याची मर्यादा आहे. तिचा स्वीकार करण्यात कोणत्याही राज्याचे नुकसान नाही. पुनर्विकासात वाढीव बांधकामाची जी सवलत दिली जाते ती समाजाने दिलेली संपत्ती होय. तिच्या बदल्यात काही घरे सार्वजनिक मालकीची ठेवून शिक्षक, परिचारिका, कारकून आणि विद्यार्थी यांना वाजवी भाड्याने देता येतील. भाडेकरूंची सहकारी संस्था हाही मार्ग आपल्याला परका नाही. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभारली ती १९१५ मध्येच.

दुसरी दिशा अधिक महत्त्वाची आहे. चालण्याजोग्या वस्त्या दुर्मीळ असल्यामुळेच त्या महाग आहेत. कल्याण, वसई, पनवेल येथे नवी शहरे वाढत आहेत. तेथे इमारती आधी येतात आणि पदपथ आलाच तर मागाहून येतो. मुंबई महानगर प्रदेशाच्या २००८ च्या वाहतूक अभ्यासात एकूण प्रवासांपैकी निम्म्याहून अधिक प्रवास पायी होत असल्याचे आढळले होते. वाहनांपेक्षा माणसांना प्राधान्य द्यावे, असे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच सांगितले. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. धोरणांची वाण नाही. वाण आहे ती अंदाजपत्रकातील तरतुदीची आणि रस्त्याच्या कडेला लावलेली वाहने हलवण्याच्या धैर्याची. आधी रस्ता, झाड, शाळा आणि मैदान, मग इमारत, हा शंभर वर्षांपूर्वीचा क्रम परत आणला तर अशा वस्त्या पुष्कळ होतील, आणि पुष्कळ झाल्या म्हणजे त्यांच्यासाठी मोजावे लागणारे जादा भाडेही उतरेल.

प्लेगच्या भीतीने एका परक्या सरकारला जे करणे भाग पडले, ते लोकनियुक्त सरकारने साथीची वाट न पाहता करावयास हवे. माटुंग्याच्या महाविद्यालयात शेवटचा तास घेऊन बाहेर पडणाऱ्या प्राध्यापकाला आणि बँकेचा हिशेब मिटवून उठणाऱ्या कारकुनाला राजवाडा नको आहे. दोन खोल्यांचे घर, पाच वर्षांची खात्री आणि घरापर्यंत धड पदपथ, एवढेच त्याचे मागणे आहे. ते पुरे करता येत नसेल, तर त्याच्याच श्रमावर आणि त्याच्याच करावर उभ्या असलेल्या या शहराने आपल्या समृद्धीचा हिशेब पुन्हा एकदा तपासून पाहावा.