आयरिश रस्सा, खकनारच्या चुलीवर

मार्गशीर्षाचे गुरुवार आटोपले आणि सातपुड्यातील आमच्या खकनारात पौषाची थंडी उतरली, की सामिष खाणाऱ्या घरांतून रविवारच्या मटणाच्या गोष्टी निघू लागतात. यंदा अशाच एका रविवारी आमच्या परसातील चुलीवर जे शिजले, त्याचे नाव या पंचक्रोशीत कोणी ऐकले नसेल. वाचकांना त्याची कृती सांगण्यापूर्वी तिच्यामागची हकीकत सांगणे भाग आहे. ती आम्हांला फारशी भूषणावह नाही.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त आयर्लंडात, डब्लिन शहरी असतात. कार्तिकातल्या एका रात्री त्याचा फोन आला. बोलता बोलता तो म्हणाला, "बाबा, काल एका सहकाऱ्याकडे जेवायला गेलो होतो. गोमांसाचा रस्सा होता, स्टाउट नावाची काळी बिअर घालून केलेला. मी खाल्ला."

आमच्या राज्यात २००४ च्या अधिनियमाने गोवंशवधास बंदी आहे. परंतु कायद्याची गोष्ट दूरच, आमच्या घरात हा विषयच कधी निघाला नव्हता. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती," एवढे बोलून आम्ही फोन ठेवला. पुढे सतरा दिवस त्याचा फोन नाही. 'चूक झाली तर सांगा, सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही,' असे वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना बजावत आलेल्या आमचे हे वर्तन!

अठराव्या दिवशी सौ. म्हणाली, "अहो, त्याने सांगितले म्हणून तुम्हांला कळले. न सांगता खाल्ले असते, तर तुम्ही रोज त्याच्याशी हसून बोलत राहिला असता." आम्ही निरुत्तर झालो. फोन तिनेच लावला. "मला ते रुचलेले नाही," असे एकदाच स्पष्ट सांगून पुढे म्हणाली, "पण तो रस्सा करतात कसा, ते सांग. आपल्या बोकडाच्या मटणात बसवून बघते."

मग आम्हीही चौकशीला लागलो. आयरिश स्ट्यू म्हणून जी जुनी पाककृती प्रसिद्ध आहे, ती मुळात मेंढीच्या मटणाची. मटण, बटाटे, कांदे आणि पाणी, गरिबाघरचे अन्न. तिकडचा गरीब बटाट्यावर किती विसंबून होता, हे १८४५ साली बटाट्यावर रोग पडला तेव्हा जगाला दिसले. त्या दुष्काळाच्या वर्षांत सुमारे १० लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देशोधडीला लागली. गोमांस व स्टाउट यांचा रस्सा हा त्याच कुळातला, पण रंगाने काळा आणि चवीला किंचित कडवट. तो रंग व ती चव येते भाजलेल्या जवातून. डब्लिनच्या ज्या कारखान्याची स्टाउट जगभर जाते, त्याची जागा आर्थर गिनेस याने १७५९ साली ९,००० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली होती! आमच्या घरात दारूला थारा नाही; पण जव भाजायला कोणाची हरकत? शिवाय, कांदा-खोबरे निखाऱ्यावर भाजून काळा रस्सा करणाऱ्या खानदेश-बऱ्हाणपूरकडच्या माणसाला ही विद्या परकी नाही.

आता कृती. ५० ग्रॅम जव (जवस नव्हे, दुकानदाराला दोनदा सांगावे) कोरड्या कढईत मंद आचेवर कॉफीच्या रंगाचा होईपर्यंत हलवत भाजावा. हे काम आमच्याकडे होते. आम्ही वर्तमानपत्रात डोके घातले आणि पहिला घाणा जळून कोळसा झाला. जळलेल्या जवाचा कडूपणा कशानेही जात नाही. तो टाकूनच द्यावा. नीट भाजलेला जव लिटरभर पाण्यात पंधरा मिनिटे उकळून गाळून घ्यावा व त्यात सुपारीएवढा गूळ घालावा. ही आमची स्टाउट.

मटण १ किलो, खांद्याचे आणि नळीचे, हाडासकट घ्यावे. मऊ मांसाचा आग्रह धरू नये. चिवट मांसातले कोलॅजन मंद आचेवर बराच वेळ राहिले की त्याचे जिलेटिन होते आणि रस्सा आपोआप अंगासरशी येतो. तुकडे धुऊन फडक्याने अगदी कोरडे करावेत. पाणी १०० अंशांवर उकळते आणि खमंग तांबूसपणा त्याहून पुष्कळ वरच्या उष्णतेला येतो; म्हणून ओले मांस भाजले न जाता उकडते. तुकड्यांना मीठ आणि दोन चमचे कणीक चोळून, जाड बुडाच्या पातेल्यात तापल्या तेलावर थोडे थोडे घालून तांबूस करावेत व काढून ठेवावेत. त्याच तेलात तीन कांदे आणि आठ पाकळ्या लसूण परतावी. मटण परत घालून वर जवाचा काढा, दोन तमालपत्रे, आठ मिरे आणि चिमूटभर ओवा घालावा. तिकडे थाइम नावाची वनस्पती घालतात. तिच्या वासाचे मूळ जे थायमॉल, तेच ओव्यातही असते.

एक उकळी आली की लाकडे मागे ओढावीत आणि झाकण ठेवून निखाऱ्यांवर शिजू द्यावे. कुकरात मांस लवकर शिजते हे खरे, पण कोंडलेल्या वाफेत रस आटत नाही. दीड तासाने तीन गाजरे व चार बटाटे मोठ्या फोडी करून घालावेत. आणखी पाऊण तासाने मांस हाडापासून सुटू लागले की उतरवावे. तिकडे सोबत पाव असतो. आम्ही कळण्याची भाकरी घेतली. तिखटाची सवय असलेल्या जिभेला पहिला घास मवाळ वाटला. दुसऱ्यांदा मात्र सर्वांनी वाढून घेतले.

जेवणे झाल्यावर सौ.ने फोन लावला. "किती शिट्ट्या काढल्यास, आई?" त्याने विचारले. "एकही नाही. सकाळपासून चुलीपाशी बसलो आहोत दोघे," ती म्हणाली आणि फोन आमच्या हाती दिला.

गोमांसाविषयीचे आमचे मत आजही तेच आहे. त्याचे मत काय, ते आम्ही विचारले नाही. "त्या दिवशी फोन ठेवायला नको होता," एवढे मात्र म्हणालो.

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "बाबा, जव जळला नाही ना? माझा पहिल्यांदा कांदा जळला होता."

"पहिला घाणा जळला," आम्ही कबूल केले.