योगक्षेम आणि विजेची मोटार

गेल्या वर्षीं आमच्या मुलुंडच्या घरीं विजेची मोटार आली. आमचें कुटुंब एकत्र. दोन चिरंजीव, दोन सुना, तीन नातवंडें आणि शाळेंतून निवृत्त झालेला मी. मोटार कोणत्या रंगाची घ्यावी यावर जेवढा खल झाला नाहीं, तेवढा तिला वीज कशी द्यावी यावर झाला. धाकट्या चिरंजीवांस भिंतीवर बसविण्याचा, मोबाईलवरून हुकूम घेणारा ७.४ किलोवॅटचा ‘स्मार्ट’ चार्जर हवा होता. थोरल्यांचें म्हणणें असें कीं, मोटारीबरोबर आलेली वायर खालच्या जुन्या सॉकेटांत लावली कीं काम भागतें. उगीच पैसे कशाला? मीं दोघांचेंही ऐकून घेतलें आणि बहुतेक गृहस्थांप्रमाणें, ज्यांत खर्च कमी त्या पक्षास मिळालों.

तो निर्णय चुकीचा ठरला. आषाढांतील एका रात्रीं थोरल्या सूनबाई कांहीं कामानिमित्त खालीं गेल्या असतां त्यांस जळका वास आला. पाहतात तों सॉकेट हात लावूं नये इतकें तापलेलें, आणि प्लगची कड तपकिरी पडलेली. त्यांनीं बटन बंद केलें, वर आल्या आणि म्हणाल्या, “बाबा, मोटार आपली आहे, पण तळमजल्यावर झोपलेलीं माणसें दुसऱ्यांचीं आहेत.” या वाक्यापुढें आम्हां तिघांपैकीं कोणाचाही युक्तिवाद टिकण्यासारखा नव्हता.

असें कां झालें, हें समजून घेणें अवघड नाहीं. त्याच जातीच्या सॉकेटावर घरांतील गिझर वीस मिनिटें चालतो व थांबतो. मोटार तितकाच प्रवाह तासन् तास अखंड ओढते. जुन्या सॉकेटाची पकड सैल झालेली असते. सैल सांध्याशीं रोध वाढतो, आणि जेथें रोध तेथें उष्णता, हें आपण शाळेंत शिकलोंच आहों.

संस्कृतांत योगक्षेम असा एक अर्थपूर्ण जोडशब्द आहे. जें नाहीं तें मिळविणें हा योग, आणि मिळालेलें सांभाळणें हा क्षेम. चार्जर विकणारे योगाविषयीं फार बोलतात: किती वेगानें भरतो, मोबाईलवर काय काय दिसतें. घेणाऱ्यानें मात्र आधीं क्षेमाची चौकशी करावी, असें त्या रात्रीपासून माझें मत झालें आहे.

पहिली गोष्ट अशी कीं, भिंतीवरील पेटीस आपण चार्जर म्हणतों, परंतु खरा चार्जर मोटारीच्या पोटांत असतो. घरांतील वीज क्षणोक्षणीं दिशा बदलणारी. बॅटरीस हवी एकाच दिशेनें वाहणारी. हें रूपांतर आंतील यंत्र करतें. भिंतीवरील पेटी ही द्वारपालासारखी. किती वीज आंत सोडावी व केव्हां दार लावावें एवढेंच ती पाहते. २०२० सालीं निघालेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्ही मोटारीचा आंतील चार्जर ३.३ किलोवॅटचा होता; २०२२ च्या नेक्सॉन ईव्ही मॅक्समध्यें ३.३ अथवा ७.२ असा पर्याय मिळूं लागला. पहिल्या मोटारीसाठीं ७.४ ची पेटी बसविली तरी ती ३.३ च घेणार. तांब्यावर घागर उपडी केली म्हणून तांब्याचें तोंड रुंद होत नाहीं. यास्तव पेटी पाहण्यापूर्वीं मोटारीचें पुस्तक पाहावें.

आतां गणित मांडूं. आमचे थोरले मुलुंडहून फोर्टांत जाऊन येतात. सुमारें ६० किलोमीटर. एका युनिटांत सात किलोमीटर धरले तर नऊ युनिटें, आणि वाटेंतील गळती धरून दहा. ३.३ किलोवॅटवर हें काम तीन तासांचें, ७.४ वर दीड तासाचें. मोटार तर रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उभीच असते! मग ही दीड तासाची बचत कोणाच्या उपयोगाची? मात्र ज्यांची ४५ युनिटांची बॅटरी वरचेवर प्रवासांत रिकामी होते व ज्यांस दुसऱ्याच दिवशीं पुन्हां दूर जावें लागतें, त्यांची गोष्ट निराळी. त्यांस ३.३ वर पंधरा तास लागतील, ७.४ वर सात. घरांत दोन मोटारी असल्या तरीही मोठी पेटी शोभते.

दुसरें, विजेच्या बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो तो वाचावा. आमचा पांच किलोवॅट होता. एक गिझर आणि दोन एसी एकदम चालले कीं तो संपतो. मग मोटारीस उरलें काय? मुलुंड-भांडुपकडील वाचकांनीं महावितरणकडे, व अंधेरी, बोरिवली, घाटकोपर येथील वाचकांनीं ज्या कंपनीचें बिल येतें त्या अदानीकडे किंवा टाटांकडे भार वाढविण्याचा अर्ज करावा. आपली मोटार आपल्याच मीटरवर भरण्यास निराळी जोडणी घ्यावी लागत नाहीं. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत हें स्पष्ट म्हटलें आहे. पण तार सोसायटीच्या सामाईक भिंतीवरून जाणार, म्हणून कमिटीस लेखी कळवून, नकाशा दाखवून संमति घ्यावी. शेजाऱ्यांशीं संबंध चार्जरपेक्षां जास्त वर्षें टिकवावयाचे असतात.

आतां ‘स्मार्ट’ या शब्दाकडे वळूं. ही हुशारी तीन प्रकारची असते. एक, वेळ पाळण्याची. पुष्कळ मोटारींस स्वतःलाच वेळ लावून देतां येते. तेथें त्याच गुणासाठीं पेटीचे पैसे देणें व्यर्थ. रात्रींची वीज नेहमींच स्वस्त असें मात्र धरून चालूं नये. २०२३ च्या केंद्रीय नियमांनीं स्मार्ट मीटरच्या ग्राहकांसाठीं सूर्यप्रकाशाच्या तासांतील वीज स्वस्त व गर्दीच्या वेळची महाग ठेवण्याचें तत्त्व घातलें आहे. आपलें बिल पाहूनच वेळ ठरवावी. दुसरी हुशारी भार वाटण्याची: गिझर लागला कीं मोटारीचा प्रवाह आपोआप कमी करणें. मोठ्या कुटुंबांत ७.४ ची पेटी घ्यावयाची तर हा गुण खरोखर मोलाचा आहे. तिसरी हिशेब ठेवण्याची. सोसायटीनें चारजणांत एक चार्जर बसविला तर कोणी किती युनिटें घेतलीं हें कार्डावर नोंदलेलें बरें. भाऊबंदकीचीं बीजें अशाच न मांडलेल्या हिशेबांत असतात.

परंतु विकत घेण्यापूर्वीं एक प्रश्न अवश्य विचारावा: इंटरनेट बंद पडलें किंवा कंपनीच उठून गेली, तर ही पेटी मोटार भरील काय? इंग्लंडांत २०२२ च्या जूनपासून लागू झालेल्या नियमांनीं घरगुती पेटी संपर्क तुटला तरी चालली पाहिजे अशी अटच घातली आहे. ही शंका पोकळ नव्हे. २०२४ च्या ऑक्टोबरांत एनेल एक्स वे या कंपनीनें अमेरिका व कॅनडांतील कारभार गुंडाळला; तिच्या ज्यूसबॉक्स या घरगुती पेट्या वीज देत राहिल्या, पण त्यांच्या अ‍ॅपची देखभाल कंपनीनें सोडून दिली. जी पेटी ओसीपीपी ही सर्वांस खुली असलेली बोली बोलते, ती निदान दुसऱ्या धन्याची चाकरी करूं शकते.

राहिला क्षेम. मीटरपासून पेटीपर्यंत निराळी तार; ३२ अँपियरसाठीं तांब्याची, निदान सहा चौरस मिलिमीटरची. अर्थिंग मोजून घेतलेलें. तीस मिलिअँपियर गळतीस तत्काळ वीज तोडणारें उपकरण, आणि एकदिश गळतीही ओळखण्याची सोय. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हें उपनगरांतील माणसानें विसरूं नये. आपल्या आवारांत त्या दिवशीं पाणी कोठवर चढलें होतें तें जुन्या रहिवाशांस विचारून पेटी त्याच्या वर बसवावी.

आमच्या घरीं शेवटीं मंजूर भार आठ किलोवॅट करून घेतला, आणि ३.३ किलोवॅटची साधी पेटी बसली. अधिक हुशार पेटीचे जे पैसे वांचले ते नव्या तारेंत, अर्थिंगांत व वायरमनच्या मजुरींत गेले. धाकटे प्रथम हिरमुसले होते. पुढें दुसरी मोटार आली तर उपयोगी पडावी म्हणून तार मात्र जाड घातली, तेव्हां त्यांचेंही समाधान झालें.

वाचकांस एवढेंच सांगणें कीं, पेटी कोणतीही घ्या; पहिल्या रात्रीं तासाभरानें स्वतः खालीं जा, आणि प्लगास व तारेस पालथा हात लावून पाहा. कोमट लागली तर खुशाल झोपा. चटका बसला तर लगेच बंद करा आणि सकाळीं वायरमनला बोलवा.