साकीनाका, लंच अवर आणि हिरवी चटणी

दुपारी दीड वाजता साकीनाक्याला ज्याच्याकडे डबा नसतो, त्याचा खरा कस लागतो. ऑफिसचं कँटीन? तिथल्या पनीरबद्दल नंतर कधीतरी बोलू. अ‍ॅपवरून मागवावं, तर डिलिव्हरीवाल्या पोराची बाइक अंधेरी-कुर्ला रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली आणि तुमची मीटिंग दोनला. अशा वेळी तारतं ते सँडविच. आणि साकीनाक्याचं बेस्ट सँडविच दुकानात मिळत नाही, बॉस. ते मिळतं फुटपाथच्या कडेला, स्टँडवर ठेवलेल्या एका पेटीवर.

२००१ मध्ये सबवेनं दिल्लीत भारतातलं पहिलं आउटलेट उघडलं. ब्रेड कुठला, भाज्या कुठल्या, सॉस कुठला, हे गिऱ्हाइकाला विचारणं म्हणजे काय सॉलिड फंडा आहे असं तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं. अहो, आपला सँडविचवाला कॉलेजच्या गेटवर त्याच्या कितीतरी आधीपासून हेच विचारत होता! "कांदा चलेगा? तिखा कितना? सादा के टोस्ट?"

तर, गेले दोन-तीन महिने माझा लंच अवर याच संशोधनात गेला. (वजनाच्या काट्याला विचारू नका.) त्यातून निघालेलं सार एवढंच, की आधी चटणी बघा. बाकी सगळीकडे माल तोच असतो. तोच मोठ्या स्लाइसचा ब्रेड, तेच पिवळं बटर, उकडलेला बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, कांदा. फरक पडतो तो हिरव्या चटणीत. कोथिंबीर, पुदिना, मिरची, लिंबू. घट्टपणासाठी कुणी डाळं घालतं, कुणी चक्क ब्रेडच्या कडा वाटतं. सकाळी वाटलेली चटणी हिरवीगार असते आणि मिरचीआधी पुदिन्याचा वास येतो. कालची असेल तर रंग काळपट होतो आणि मग तो ती लपवायला वरून केचप मारतो. केचप न मागता पडला, की समजून जा.

दुसरी गोष्ट हात. चांगला सँडविचवाला बटाटा आधी कापून ठेवत नाही. ऑर्डर आली की तो हातात धरून थेट ब्रेडवर चकत्या पाडतो, आणि त्या इतक्या पातळ की ब्रेडची कडा दिसत राहते. पावसाळ्यात हे मुद्दाम बघायचं. सकाळपासून कापून उघडी ठेवलेली काकडी म्हणजे दोन दिवसांची सिक लीव्ह. जून ते सप्टेंबर साध्या सँडविचला रामराम करा आणि टोस्ट खा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि टोस्टचं म्हणाल तर... अहाहा! लांब दांड्यांचा तो चिमट्यासारखा टोस्टर, त्यात कोंबलेलं सँडविच, बाहेरून बटर, आणि शेगडीवर दोन-चार पलट्या. बाहेर आलेल्या कडा तो सुरीनं सटासट उडवतो, सहा तुकडे करतो, वर मसाला, हौस असेल तर शेव. आतला बटाटा जीभ भाजेल इतका गरम, काकडी मात्र अजून कुरकुरीत. इलेक्ट्रिक ग्रिलमध्ये ही मजा नाही. तिथे चीज छान वितळतं, पट्टे छान उठतात, फोटोही छान येतो. पण सगळं एकसारखं दबून सपाट होतं. ग्रिलला विजेचं कनेक्शन लागतं, म्हणून ते बहुतेक ज्यूस सेंटरमध्ये दिसतं, आणि तिथे बिलही त्याच हिशेबानं होतं.

आता कुठे जायचं? सकाळी मेट्रोच्या जिन्याजवळ. ८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि ऑफिसची गर्दी जिन्यांवरून उतरायला लागली. खाणंपिणं तिच्या मागोमाग आलंच. इथे हात फास्ट चालतो, चटणी मध्यम. चांदिवली-पवईकडच्या काचेच्या बिल्डिंगांसमोर मेयोनीज, शेजवान, कॉर्न आणि चक्क चॉकलेट सँडविच मिळतं. एकदा खाऊन बघा, दुसऱ्यांदा तुमची मर्जी. जैन सँडविच हवं असेल, म्हणजे कांदा नाही आणि बटाट्याऐवजी कच्चं केळं, तर संध्याकाळी मेट्रो पकडून तिसऱ्या स्टेशनावर घाटकोपरला उतरा आणि पूर्वेला वल्लभबाग लेनच्या खाऊगल्लीत शिरा.

पण माझा नंबर वन साकीविहार रोडवरच्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या गेटवर उभा राहतो. त्याची गिऱ्हाइकं म्हणजे गाळ्यांतले मशीनवाले, पॅकिंगवाल्या बायका, कुरिअरची पोरं आणि गळ्यात आयकार्ड अडकवलेले आपण. रोज तीच तोंडं. ज्याला उद्या त्याच माणसाला तोंड दाखवायचंय, तो आज शिळा बटाटा खपवत नाही. माझा सगळ्यात भरवशाचा रिव्ह्यू हाच.

तो नेमका कुठल्या गेटवर, ते इथे छापत नाही. कारण छापून येईपर्यंत तो तिथे असेलच असं नाही. पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये झाला. त्याच वर्षी पालिकेनं केलेल्या पाहणीत मुंबईतून जवळपास एक लाख अर्ज आले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये नगर पथविक्रेता समितीची निवडणूक झाली, तेव्हा मतदार यादीत होते सुमारे ३२ हजार. उरलेले कुठे गेले? कुठेच नाही, तुमच्या-माझ्या ऑफिससमोरच उभे आहेत. फक्त पालिकेची गाडी आली की पळापळ. ब्रेड आणि भाजी परत घेता येते. गॅसचा सिलिंडर, टोस्टर आणि पेटी गेली, की आठवड्याची कमाई गेली. आपण मात्र दुपारी जातो, जागा रिकामी बघतो आणि "आज नाही आला वाटतं" म्हणत नाइलाजानं पनीरकडे वळतो.

मागच्या महिन्यात तो असाच चार दिवस गायब होता. पाचव्या दिवशी दिसला, दोन गेटं पुढे, झाडाखाली, नवीन पेटी घेऊन. मी काही विचारायच्या आत त्यानं मोबाइल नंबर लिहून दिला. "जगह बदली तो फोन कर लेना." आमच्या फ्लोअरवरच्या निम्म्या लोकांच्या फोनमध्ये तो नंबर आधीपासूनच सेव्ह होता. कुणाकडे 'सँडविच' नावानं, कुणाकडे 'चटणी' नावानं, आणि अकाउंट्सच्या एका मॅडमकडे 'अर्जंट' नावानं.