एकच गोष्ट धरा, शेवटपर्यंत सोडू नका

गाण्याचा व्हिडिओ करायला आता मुंबई गाठावी लागत नाही. तालुक्याच्या गावात गाणी लिहिणारा असतो, एका खोलीत रेकॉर्डिंग करून देणारा असतो आणि लग्नांचं शूट करणाऱ्या पोराकडे चांगला कॅमेरा, गिंबल आणि ड्रोन असतो. पैसे घरचे घालतात, उरलेले मित्र जमवतात. ही मुलं-मुली काहीतरी स्वतःचं करू पाहतात याचं मला मनापासून कौतुक आहे. म्हणूनच त्यांना, आणि त्यांच्यासाठी खिशात हात घालणाऱ्या आईवडिलांना, एक विनंती करते. ड्रोनवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधी आपल्या व्हिडिओत काय आहे ते एका वाक्यात सांगून बघा. 'एक मुलगा आणि एक मुलगी प्रेमात पडतात' हे वाक्य चालणार नाही, कारण ते शेजारच्या गावातल्या व्हिडिओलाही तसंच्या तसं लागू पडतं. पाहणाऱ्याने दुसऱ्या दिवशी टपरीवर चहा पिताना मित्राला जे सांगावं, ते वाक्य हवं.

'मेड इन इंडिया' आठवा. 1995 साली अलिशा चिनॉयचं ते गाणं आलं आणि घरोघरच्या टीव्हीवर वाजू लागलं. केन घोष यांनी केलेल्या त्या व्हिडिओत राजेशाही थाट होता, भारी कपडे होते. आज तो काळ पाहिलेल्या कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं : लाकडी खोक्यातून मिलिंद सोमण बाहेर येतो. गाण्याचं नाव मालावरच्या शिक्क्याचं आणि माणूस खोक्यातून निघालेला. शब्द आणि चित्र एकमेकांत असे चपखल बसले की बाकी सगळं विसरलं तरी चालून गेलं.

चांगलं गाणं आणि देखणा गायक एवढ्यावर भागतं, असं वाटणाऱ्यांनी 'आहा' या नॉर्वेच्या बँडची हकीकत ऐकावी. त्यांचं 'टेक ऑन मी' पहिल्यांदा 1984 साली आलं. सोबतच्या व्हिडिओत बँड नुसता गात-वाजवत होता. गाणं चाललं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी ते नव्याने रेकॉर्ड केलं आणि स्टीव्ह बॅरन या दिग्दर्शकाने नवा व्हिडिओ केला. कॅफेत बसलेली एक मुलगी चित्रकथा वाचते आहे. चित्रातला तरुण तिच्याकडे बघून डोळा मिचकावतो आणि कागदातून पेन्सिलीने काढलेला हात बाहेर काढून तिला आत बोलावतो. खऱ्या चित्रीकरणाची एकेक चौकट घेऊन त्यावर हाताने रेखाटनं केली होती. अशी सुमारे 3000 चित्रं काढायला महिनोन् महिने लागले. 1985 च्या ऑक्टोबरात गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि पुढच्या वर्षी एमटीव्हीची सहा पारितोषिकं त्या व्हिडिओला मिळाली. नव्या रेकॉर्डिंगचा त्यात वाटा आहेच. पण लोक आजही एकमेकांना सांगतात तो कागदातून आलेला हात.

आता ज्या व्हिडिओबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, त्याकडे येते. जॉनी कॅश हे अमेरिकी कंट्री संगीतातलं फार मोठं नाव. 2002 साली त्यांनी 'हर्ट' हे गाणं गायलं. गाणं त्यांचं नव्हे. 'नाइन इंच नेल्स' या रॉक बँडच्या ट्रेंट रेझ्नर या तरुणाने 1994 साली केलेलं. कॅश तेव्हा सत्तर वर्षांचे होते आणि प्रकृती ढासळली होती. टेनेसीतल्या हेंडरसनव्हिल गावात त्यांच्याच नावाचं एक संग्रहालय होतं, तेही बंद पडून त्याची पार दुरवस्था झाली होती. दिग्दर्शक मार्क रोमानेक तिथे पोचले. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर आधी साफसफाई करून घेतली असती, भिंती रंगवल्या असत्या, कॅश यांच्या चेहऱ्यावर जाड मेकअप चढवला असता. रोमानेक यांनी सगळं होतं तसंच ठेवलं, कारण त्यांना जे सांगायचं होतं ते त्या पडझडीतच होतं.

व्हिडिओ पुन्हा बघाल तेव्हा हातांकडे लक्ष द्या. पंगतीसारखं भरलेलं टेबल समोर आहे आणि हा म्हातारा माणूस थरथरत्या हाताने पेल्यातली वाइन त्या अन्नावर ओततो. मध्येमध्ये जुन्या फिल्मचे तुकडे येतात : तरणाबांड, काळ्या केसांचा, आगगाडीच्या वेगाने जगणारा कॅश. मग पुन्हा तोच चेहरा, सुरकुतलेला. दोन्ही काळ शेजारी ठेवले की कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. पत्नी जून कार्टर कॅश मुळात या व्हिडिओत असणारच नव्हत्या. शूट चालू असताना त्या जिन्यात उभ्या राहून नवऱ्याकडे बघत होत्या. दिग्दर्शकाची नजर तिकडे गेली आणि त्याने ती नजरच व्हिडिओत घेतली. ठरवून असा शॉट मिळत नाही. डोळे उघडे ठेवून काम केलं तरच मिळतो. शेवटी कॅश पियानोचं झाकण बंद करतात आणि त्यावरून हात फिरवतात. 2003 च्या मे महिन्यात जून गेल्या, सप्टेंबरात जॉनी गेले. ज्याचं मूळ गाणं, तो रेझ्नरही व्हिडिओ पाहिल्यावर म्हणाला की हे गाणं आता माझं राहिलेलं नाही.

यातून मी तुम्हाला एक अगदी साधी गोष्ट सुचवते. तुमच्या गाण्यात आई, आजोबा, जुनं घर, गिरणी, बंद पडलेला कारखाना असं काही असेल, तर त्यासाठी नट आणि सेट शोधू नका. खरी माणसं आणि खरी जागा घ्या. घराच्या माळ्यावर पडलेल्या लग्नाच्या, जत्रेच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट काढा. त्यांना बुरशी लागते, फीत चिकटते, म्हणून आधी त्या संगणकावर उतरवून घ्या. त्यातला काका, शाळकरी वयातली आत्या, पाडलेलं जुनं दार, हे कुठल्याच ड्रोनला पैसे देऊन मिळणार नाही. ज्यांना दाखवणार आहात त्यांना आधी विचारा, एवढं मात्र करा.

चेहऱ्याबद्दलही सांगायला हवं. आपल्याकडचे एडिटर दोन-दोन सेकंदांना कट मारतात. पाहणारा कंटाळेल अशी त्यांना धास्ती असते. 1990 साली आयर्लंडच्या शिनेड ओ'कॉनरने प्रिन्सने लिहिलेलं 'नथिंग कम्पेअर्स टू यू' गायलं. जॉन मेबरी यांनी केलेल्या त्या व्हिडिओत बहुतेक वेळ फक्त तिचा चेहरा आहे, तासलेलं डोकं आणि मागे काळोख. पॅरिसमध्ये फिरतानाची काही दृश्यं आहेत, ती कुणाच्या फारशी लक्षात राहत नाहीत. गाण्यात आईचा उल्लेख येतो तिथे तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिची आई 1985 साली मोटार अपघातात गेली होती. ते अश्रू ठरवलेले नव्हते. दिग्दर्शकाने कॅमेरा बंद केला नाही आणि एडिटरने तिथे कात्री लावली नाही, यातच त्यांचं सगळं कसब आलं. त्या वर्षी एमटीव्हीचा सर्वोत्तम व्हिडिओचा मान तिला मिळाला. तोवर तो कुठल्याच बाईला मिळाला नव्हता. तुमच्या गायिकेला गाणं आतून कळलेलं असेल तर तिच्या चेहऱ्यावर निदान एक पूर्ण कडवं थांबा.

आणखी एक खोड आपल्या अंगवळणी पडली आहे. गाण्यात पाऊस आला की पडद्यावर पाऊस, चंद्र आला की चंद्र, 'काळीज' आलं की हात छातीवर. जे कानाने ऐकलं तेच डोळ्यांना दाखवलं तर डोळ्यांना काम उरत नाही. गार्थ ब्रुक्स या कंट्री गायकाचं 'द थंडर रोल्स' ऐकलं तर ती वादळी रात्री उशिरा घरी येणाऱ्या बाहेरख्याली नवऱ्याची गोष्ट आहे. 1991 साली व्हिडिओ केला तेव्हा त्याने त्या घरात आणखी काय घडतं तेही दाखवलं : नवरा बायकोला मारतो. मारणाऱ्या नवऱ्याची भूमिका ब्रुक्सने वेषांतर करून स्वतःच केली. कंट्री गाणी दाखवणाऱ्या दोन्ही मोठ्या वाहिन्यांनी, टीएनएन आणि सीएमटीने, तो व्हिडिओ बंद केला. त्याच वर्षी कंट्री संगीताच्या संघटनेने त्याला वर्षातला उत्तम व्हिडिओ ठरवलं. तीनच वर्षांनी हाच मान मार्टिना मॅकब्राइडच्या 'इंडिपेंडन्स डे'ला मिळाला. तिथेही घरातली मारहाणच आहे, पण आपण ती मुलीच्या डोळ्यांनी पाहतो. गावात 4 जुलैचा सोहळा चालू आहे आणि इकडे तिचं घर पेटलं आहे. कंट्री गाण्याला गोष्ट सांगायची जुनी सवय, म्हणून हे त्याला जमतं असं कुणी म्हणेल. गोष्ट सांगायची सवय आपल्यालाही कमी नाही. पोवाडा, वगनाट्य, जात्यावरच्या ओव्या यांत दुसरं काय आहे? तुमच्या गाण्याचे शब्द जिथे थांबतात तिथून पुढे काय घडतं, हे स्वतःला विचारा आणि तेच चित्रात घ्या.

पैशांचं म्हणाल तर 'थ्रिलर'चं उदाहरण सगळे देतात. 1983 सालचा तो जवळजवळ 14 मिनिटांचा व्हिडिओ त्या काळच्या मानाने भलताच खर्चिक होता, हे खरं आहे. पण लोकांनी त्यातून उचललं काय? प्रेतांचा तो नाच. 2007 साली फिलिपाइन्समध्ये सेबूच्या तुरुंगातल्या कैद्यांनी तो आवारात केला आणि जगभर पाहिला गेला. त्यांच्याकडे ना मेकअप होता, ना सेट. 1992 साली बिली रे सायरसच्या 'एकी ब्रेकी हार्ट'ने असंच केलं. रांगेत उभं राहून करायचा तो सोपा नाच अमेरिकेत गावोगावी पसरला. तुमच्या नृत्यदिग्दर्शकाला सांगा, अवघड नको, शाळेच्या गॅदरिंगमध्ये चौथीच्या पोरांना बसवता येईल असं दे.

'ओके गो' या चौघांच्या बँडने तर 2006 साली व्यायामाची आठ ट्रेडमिल मांडली आणि त्यांवर अख्खं गाणं एका टेकमध्ये नाचून काढलं. बँडच्या गायकाची बहीण ट्रिश साय हिने तो नाच बसवला होता. कॅमेरा जागचा हलत नाही, कट नाही, कपडे साधे. तालीम मात्र इतकी की चुकेल चुकेल म्हणता चुकत नाही. पुढच्या वर्षी त्यांना ग्रॅमी मिळालं. स्पाइक जोन्झ यांनी फॅटबॉय स्लिमच्या 'प्रेझ यू'साठी लॉस एंजेलिसच्या वेस्टवूड भागात एका चित्रपटगृहाबाहेर परवानगी न घेता नाच केला. तिथला एक कर्मचारी येऊन टेपच बंद करतो, तेही त्यांनी व्हिडिओत ठेवलं. परवानगी न घेण्याचा सल्ला मी देणार नाही. ग्रामपंचायतीचं, देवस्थानचं, किल्ला असेल तर पुरातत्त्व खात्याचं पत्र हाती असू द्या. पण शूटमध्ये अचानक घडलेलं काही अडथळा म्हणून फेकून देऊ नका. आधी एकदा शांतपणे बघा.

व्हिडिओ पूर्ण होत आला की एक चाचणी करा. आवाज बंद करून तो घरातल्या अशा माणसाला दाखवा ज्याने गाणं ऐकलेलं नाही, आणि काय दिसलं ते विचारा. 'छान आहे' एवढंच उत्तर आलं तर व्हिडिओ झालेला नाही. 'ती बाई सारखी दाराकडे का बघत होती?' असं कुणी विचारलं तर तुम्ही योग्य वाटेवर आहात. मग ज्या शॉटचा त्या दाराशी संबंध नाही तो काढून टाका, कितीही सुंदर असला तरी. ड्रोनचा शॉट काढताना जीव तुटतो, कारण त्याचे पैसे मोजलेले असतात. तरीही काढा.

आणि शेवटी त्या मुलीबद्दल. मागे एकदा उसाच्या बांधावर चाललेलं शूट मी बघत थांबले होते. भर दुपार, स्पीकरवर तेच कडवं पुन्हा पुन्हा. मुलाला चालायचं कसं, वळायचं कुठे, हात कधी वर करायचा, सगळं समजावून सांगत होते. मुलगी भरजरी साडीत बांधावर उभी. तिला सांगितलं जात होतं ते एवढंच : हस, पदर उडव, खाली बघ. तिने एकदा विचारलं, 'मी इथे कशाला आलेय, गोष्टीत?' उत्तर कुणाकडेच नव्हतं. अमेरिकेतही हेच चाललं होतं. ट्रकवर बसलेली तोकड्या कपड्यांतली मुलगी हा कंट्री व्हिडिओंचा शिरस्ताच झाला होता. 2014 साली मॅडी अँड टे या दोन तरुण गायिकांनी 'गर्ल इन अ कंट्री साँग' काढलं आणि त्याच्या व्हिडिओत अदलाबदल केली. तसे कपडे पुरुषांना घातले आणि मुलींना करायला लावतात ते सगळं त्यांना करायला लावलं. बघताक्षणी प्रत्येकाला कळलं की आपण इतकी वर्षं काय बघत होतो. त्या वर्षाच्या अखेरीस ते गाणं अमेरिकेच्या कंट्री रेडिओवर पहिल्या क्रमांकावर होतं.

तुमच्या व्हिडिओतल्या मुलीला काहीतरी काम द्या. ती सायकल दुरुस्त करत असेल, परीक्षेला निघाली असेल, नाही म्हणत असेल. शूटच्या आधी तिला गाणं ऐकवा, तिच्या वाट्याला काय आहे ते नीट सांगा, आणि तिला वेगळं काही सुचलं तर ते एकदा कॅमेऱ्यासमोर करून बघा. कपडे बदलायला आडोसा, पाणी आणि सोबत घरचं किंवा ओळखीचं कुणीतरी, एवढी सोय करा. मानधन आधी ठरवा, शूट संपलं की त्याच दिवशी हातात द्या, आणि व्हिडिओखाली तिचं नाव गायकाच्या नावाशेजारी लिहा.