नॉर्वेजियन रॉक आणि मातीचा सिद्धान्त

नॉर्वेजियन रॉक संगीताविषयीच्या समीक्षेत एक आळशी गृहीतक सर्रास मान्यता पावले आहे. दीर्घ हिवाळा, निबिड अरण्ये आणि ख्रिस्तपूर्व दैवते यांच्या संयोगातून ब्लॅक मेटल हा उपप्रकार आपोआप उगवला, असे ते गृहीतक. तेनच्या वंश-परिस्थिती-काळ या त्रयीची ही शिळी आवृत्तीच होय.

मुळात ‘ब्लॅक मेटल’ हे नाव इंग्लंडमधील व्हेनम या बँडच्या १९८२ मधील ध्वनिमुद्रिकेचे. डार्कथ्रोनने आपली पहिली ध्वनिमुद्रिका (१९९१) स्टॉकहोमला जाऊन, स्वीडिश डेथ मेटलच्या घाटात सिद्ध केली. दुसरीत (१९९२) तो घाट टाकून दिला. एका वर्षात नॉर्वेची माती पालटली नव्हती. सफाईदार ध्वनिमुद्रणाला नकार, १९९४ मध्ये तर घरगुती साधनांवर केलेले मुद्रण, हे शैलीविषयक निर्णय आहेत. हवामानाचे परिणाम नव्हेत.

नॉर्वेजियनपण शोधायचेच, तर ते भाषेत शोधावे लागेल. आणि नेमका तेथेच मातीचा सिद्धान्त मुका होतो. प्रूडन्स या बँडमध्ये प्रामुख्याने इंग्रजीतून गाणारा ओगे आलेक्सांडरसेन पुढे ट्रोंडेलागच्या बोलीकडे वळला आणि ‘लेव्हा लिव्हे’ला (१९८४) अफाट श्रोतृवर्ग लाभला. पुढच्याच वर्षी आ-हा इंग्रजी गीत घेऊन अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचले. यांपैकी माती कोणाची खरी? उल्वरच्या ‘बर्गताट’ची (१९९५) जुनाट भाषा आदिम उत्तरेची म्हणून वाखाणली जाते. वस्तुतः तो डॅनिश अमलात रुळलेल्या लेखनभाषेचा हेतुपुरस्सर चढवलेला वेष आहे, आणि त्यातच त्या कृतीचे मोल आहे.

हा केवळ वर्गीकरणाचा वाद असता तर सोडून देता आला असता. परंतु जून १९९२ मध्ये बर्गनचे फांटॉफ्ट चर्च जाळले गेले. ऑगस्ट १९९३ मध्ये मेहेमचा गिटारवादक ओयस्टाइन ऑर्सेथ याचा खून झाला. त्या खुनाबद्दल आणि अन्य चर्चच्या जाळपोळीबद्दल वर्ग विकेर्नेस याला १९९४ मध्ये एकवीस वर्षांची शिक्षा झाली. मातीचे भाष्यकार या कृत्यांना ‘दडपलेल्या संस्कृतीचा उद्रेक’ म्हणतात. जळाले ते मात्र मध्ययुगीन नॉर्वेजियन सुतारकलेचे काष्ठशिल्प होते, याचा त्यांना सोयीस्कर विसर पडतो! न्यायालयाने व्यक्तीला जबाबदार धरले. समीक्षेने ती जबाबदारी बर्फावर ढकलली. त्याच हिवाळ्यात वाढलेल्या बहुसंख्य वादकांनी काडीही ओढली नव्हती.